ईली कल्बर्टसनचा अभ्यास कसा करावा : नवोदितांसाठी मार्गदर्शन

काँट्रॅक्ट ब्रिज हा पत्त्यांचा खेळ ईली कल्बर्टसनने निर्माण केलेला नाही, ही गोष्ट अभ्यासाला बसण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. त्याची गुणपद्धती हॅरल्ड व्हँडरबिल्ट या धनाढ्य अमेरिकन गृहस्थाने १९२५ साली ‘फिनलंड’ नावाच्या जहाजावर, पनामा कालव्यातून हवानाकडे जात असताना बसवली. कल्बर्टसनचे काम निराळे होते. पत्त्यांच्या टेबलावरचा हा नवा प्रकार त्याने पुस्तके, मासिक, वर्तमानपत्री सदरे, शिक्षकांचे जाळे आणि गाजवलेले सामने यांच्या बळावर १९३० च्या दशकातील अमेरिकेच्या घराघरांत नेला आणि खेळाबरोबर स्वतःचीही जाहिरात केली. म्हणूनच त्याच्यावर लिहू पाहणाऱ्याला एकाच नावाखाली तीन माणसे भेटतात : प्रत्यक्ष जगलेला माणूस, जाहिरातीसाठी रंगवलेला माणूस, आणि ज्याच्या सहीने एक अख्खी कचेरी मजकूर काढत होती तो माणूस. या तिघांची सरमिसळ होऊ न देणे हेच या अभ्यासातले मुख्य काम आहे आणि पुढच्या सर्व पायऱ्या त्याच हेतूने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : थोडा खेळ शिकावा

ब्रिज न येताही कल्बर्टसनचे चरित्र वाचता येते, पण त्याचे लेखन तपासता येत नाही. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाकडे तेरा पाने, आधी बोली आणि मग खेळ, एवढे तर पत्ते खेळणाऱ्या कोणालाही चटकन कळते. खरी मेख पुढे आहे. जुन्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोलीपेक्षा जास्त हात केले तरी ते गेम, म्हणजे गुणांचा ठरावीक टप्पा, पुरा करण्यासाठी धरले जात. काँट्रॅक्ट ब्रिजमध्ये बोलीत जितके हात कबूल केले तितकेच त्या हिशेबात धरतात. या एका बदलाने बोलीला अतोनात महत्त्व आले. आपल्या पानांचा अंदाज भिडूला नेमका कसा कळवावा, हा प्रश्न लाखो खेळाडूंपुढे एकाच वेळी उभा राहिला आणि त्याचे उत्तर, म्हणजे ‘पद्धत’, बाजारात विकण्याजोगी वस्तू ठरली. कल्बर्टसनने हे इतरांपेक्षा लवकर ओळखले.

त्याच्या पद्धतीचा पाया ऑनर ट्रिक, म्हणजे मोठ्या पानांवर किती हात होतील याचा अंदाज, हा होता. एकाच रंगाचे एक्का-राजा हातात असले तर दोन ऑनर ट्रिक, एक्का-राणी असल्यास दीड, नुसता एक्का किंवा राजा-राणीची जोडी असल्यास एक, आणि राजाबरोबर एखादे लहान पान असल्यास अर्धी, असा तो हिशेब आहे. आज सर्वत्र रुळलेली चार-तीन-दोन-एक ही मोजणी (एक्का, राजा, राणी, गुलाम यांना अनुक्रमे एवढे गुण) चार्ल्स गोरेनने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय केली आणि तिच्यापुढे ऑनर ट्रिक मागे पडली. आजच्या मोजणीने १९३१ ची बोली तोलली तर चांगला खेळाडूही वेडगळ वाटेल. गुणांच्या बाबतीतही तसेच आहे. १९२७ च्या नियमांत बिनहुकमी डावातील प्रत्येक हाताला ३५ गुण असत. आज पहिल्या हाताला ४० आणि पुढच्या प्रत्येकाला ३० मिळतात. तेव्हा जुन्या सामन्याचे गुणपत्रक हाती आले की आधी त्या वर्षीचे नियम काढावेत आणि मगच बेरीज तपासावी.

दुसरी पायरी : तारखांची चौकट, आणि तिच्याशेजारी एक जास्तीचा रकाना

सुरुवातीला एका पानात मावेल अशी चौकट करावी. जन्म २२ जुलै १८९१, रुमानियातील पोयाना वर्बिलाऊ या गावी. वडील आल्मन कल्बर्टसन हे अमेरिकन अभियंता, आई झेनिया रोगोझ्नाया ही रशियन. १९२१ मध्ये अमेरिकेत आगमन. १९२३ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रिजशिक्षिका जोसेफिन मर्फी डिलन हिच्याशी विवाह. ऑक्टोबर १९२९ मध्ये ‘द ब्रिज वर्ल्ड’ मासिकाचा पहिला अंक. वॉल स्ट्रीटवरचा शेअर बाजार कोसळला तोच हा महिना. १९३० मध्ये ‘ब्लू बुक’ या बोलीवरील पुस्तकाचे प्रकाशन आणि लंडनमध्ये लेफ्टनंट कर्नल वॉल्टर बुलर याच्या संघावर विजय. १९३१-३२ मध्ये सिडनी लेन्झविरुद्धचा सामना, १९३३ मध्ये पुन्हा इंग्लंड, १९३५ मध्ये हॅल आणि डोरोथी सिम्स या दांपत्याविरुद्धचा सामना. १९३७ मध्ये बुडापेस्ट येथे ऑस्ट्रियाच्या संघाकडून पराभव. १९३८ मध्ये घटस्फोट, १९४० मध्ये आत्मचरित्र, आणि २७ डिसेंबर १९५५ रोजी व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथे मृत्यू.

या चौकटीत तारीख आणि घटना यांच्या शेजारी तिसरा रकाना हवा : ‘हे कोण सांगते?’ नवशिके अभ्यासक तो आळसाने सोडतात आणि पुढे अडकतात. कल्बर्टसनच्या तरुणपणाविषयी एखादी गोष्ट चार ठिकाणी छापलेली दिसली, तरी मागोवा घेतल्यावर चारही झरे त्याच्याच आत्मचरित्राला जाऊन मिळतात, असे अनेकदा घडते. मग पुरावा चार नव्हे, एकच असतो, आणि तोही ज्याचा स्वार्थ गुंतला आहे अशा माणसाचा.

तिसरी पायरी : नावाने शोध घेताना

त्याचे नाव रोमन लिपीत ई, एल, वाय अशा तीनच अक्षरांत लिहितात आणि उच्चार ‘ईली’ असा आहे. मराठीत कोणी ‘एली’ लिहितात, कोणी ‘इली’. मराठी मजकूर शोधताना तिन्ही रूपे वापरावीत. रोमन शोधात आणखी दोन अडचणी येतात. जुन्या वर्तमानपत्रांची पाने यंत्राने वाचून घेतलेली असल्यामुळे आडनावातील अक्षरे अनेकदा चुकीची उमटतात, म्हणून आडनाव न सापडल्यास ‘ब्रिज’, ‘लेन्झ’, ‘वॉल्डॉर्फ’ (लेन्झ सामन्याचे हॉटेल) असे आजूबाजूचे शब्द घालून पाहावे. दुसरी अडचण जोसेफिनची. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बातम्यांत ती बरेचदा ‘मिसेस कल्बर्टसन’ एवढ्याच नावाने येते. तिच्या नावावर स्वतंत्र पुस्तके आहेत आणि सामन्यांत ती पहिल्या दर्जाची खेळाडू म्हणून उतरली, तरी नुसत्या ‘जोसेफिन’ या नावाने शोधणाऱ्याला त्यातले निम्मेही हाती लागत नाही. तिला नवऱ्याच्या चरित्रातील उपप्रकरण समजणे ही जुनी चूक आहे. निदान नव्या अभ्यासकाने ती पुन्हा करू नये.

वर्तमानपत्रांसाठी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’, ऑस्ट्रेलियाचा ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडचा ‘पेपर्स पास्ट’ हे तीन संग्रह विनामूल्य आहेत. त्यांतले शेवटचे दोन आवर्जून पाहावेत, कारण अमेरिकन सामन्याची बातमी तारेने समुद्रापार गेल्यावर तिच्यातला कोणता भाग टिकला आणि कोणता गळला, हे तिथे दिसते. ‘द न्यूयॉर्क टाइम्स’चा जुना संग्रह वर्गणी भरून मिळतो. ‘द टाइम्स ऑफ इंडिया’चे जुने अंक अंकीय रूपात काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून पाहता येतात, मुंबईच्या क्लबांमध्ये आणि दिवाणखान्यांत हा खेळ कसा पोहोचला याचा शोध घ्यायचा असेल तर आरंभ तिथून करावा.

चौथी पायरी : पुस्तक म्हणजे कोणती आवृत्ती?

कल्बर्टसनची प्रमुख पुस्तके रंगांवरून ओळखली जातात : १९३० चे ब्लू बुक बोलीवर, १९३४ चे रेड बुक खेळावर, आणि १९३६ चे गोल्ड बुक दोन्हींवर. यांतल्या एखाद्या पुस्तकातील नियम उद्धृत करताना केवळ पुस्तकाचे नाव देणे पुरेसे नाही. ब्लू बुकच्या सुधारित आवृत्त्या लागोपाठच्या वर्षांत निघाल्या. पद्धतीत थोडा बदल झाला की जुना ग्राहक नवी प्रत घेत असे, हे प्रकाशकालाही ठाऊक होते आणि लेखकालाही. त्यामुळे प्रत हाती आल्यावर प्रथम मुखपृष्ठामागील पान पाहून आवृत्ती, मुद्रण आणि वर्ष टिपून घ्यावे. १९३० आणि १९३३ च्या प्रतींतील एकच प्रकरण, म्हणजे समजा पहिल्या बोलीला लागणारी ताकद, समोरासमोर ठेवून वाचले, तर पद्धत कशी घडत गेली हे कोणत्याही चरित्रापेक्षा स्पष्ट कळते.

यानंतर लेखकत्वाचा प्रश्न येतो. कल्बर्टसनच्या संस्थेत हुशार तज्ज्ञांची फळी होती. पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा ब्रिज-संपादक झालेला अल्बर्ट मोरहेड हा त्यांपैकीच एक. रोजचे सदर, मासिक, शिक्षकांसाठीची पत्रके, पुस्तके आणि सामने हे सारे एका माणसाच्या हातून एकाच वर्षात होणे शक्य नाही, हे साध्या हिशेबानेही कळते. म्हणून त्याचे लिखाण वाचताना दोन खुणा शोधाव्यात. जिथे भाषा नाट्यमय होते, खेळाला मानसशास्त्राची आणि युद्धाची रूपके येतात आणि लेखक स्वतःकडे बोट दाखवतो, तिथे कल्बर्टसनचा स्वतःचा हात मानायला आधार आहे. जिथे पानांचे विश्लेषण कोरडे आणि काटेकोर आहे तिथे निर्णय राखून ठेवावा. मात्र ही केवळ अटकळ आहे. शैलीवरून लेखक ठरवण्याचा मोह मोठा असतो, आणि प्रस्तावनेतील आभार, मासिकातील श्रेयनावे किंवा पत्रव्यवहार यांचा दुजोरा मिळेपर्यंत तो आवरलेला बरा.

पाचवी पायरी : एक सामना मुळापासून तपासून पाहावा

सराव म्हणून लेन्झ सामना घ्यावा. तो सर्वांत गाजलेला आहे, त्यावर साहित्य भरपूर आहे आणि त्याच्याविषयी सैल विधानेही तितकीच आहेत.

पार्श्वभूमी अशी. १९३१ मध्ये कल्बर्टसनच्या वाढत्या मक्तेदारीला शह देण्यासाठी जुन्या पिढीतील जाणकारांनी एकत्र येऊन ‘ऑफिशियल सिस्टिम’ पुढे आणली. कल्बर्टसनने त्यांच्यातल्या सिडनी लेन्झला आव्हान दिले. त्याने आपले ५,००० डॉलर लेन्झच्या १,००० डॉलरविरुद्ध लावले आणि पैजेची रक्कम धर्मादायाला जायची होती. सामना ७ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या चॅटम हॉटेलात सुरू झाला, उत्तरार्धात वॉल्डॉर्फ-अस्टोरियात हलला आणि ८ जानेवारी १९३२ रोजी १५० रबर (आधी दोन गेम जिंकेल त्या बाजूची एक फेरी म्हणजे एक रबर) पूर्ण होऊन संपला. पंच होता लेफ्टनंट आल्फ्रेड ग्रुएन्थर. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकवणारा हा तरुण अधिकारी पुढे १९५३ ते १९५६ या काळात युरोपातील नाटो फौजांचा सर्वोच्च सेनापती झाला. लेन्झचा भिडू ऑस्वल्ड जेकोबी १०३ रबरांनंतर बाहेर पडला आणि उरलेली ४७ कमांडर विनफील्ड लिगेट खेळला. कल्बर्टसनच्या समोर ८८ रबरांत जोसेफिन बसली होती, बाकीच्या रबरांत इतर भिडू. अखेरीस कल्बर्टसनची बाजू ८,९८० गुणांनी पुढे राहिली.

आता तपासणी. बातम्यांत आणि नंतरच्या पुस्तकांत छापलेले आकडे एकमेकांशी जुळतात का हे आधी पाहावे. कल्बर्टसनने ७७ रबर जिंकली आणि लेन्झने ७३, म्हणजे बेरीज १५०, हे बरोबर. एकूण डाव ८७९ झाले, तर एक्क्यांची एकूण संख्या ८७९ गुणिले चार, म्हणजे ३,५१६ यायला हवी. कल्बर्टसनच्या बाजूला १,७४५ एक्के आले आणि लेन्झच्या बाजूला १,७७१. बेरीज नेमकी ३,५१६. राजे अनुक्रमे १,७७५ आणि १,७४१, तीही ३,५१६. अशी आतली बेरीज जुळली की आकडे कोणीतरी प्रत्यक्ष मोजले होते असे मानायला जागा होते. एखाद्या पुस्तकात ही बेरीज फसत असेल तर तिथे मुद्रणदोष किंवा ऐकीव माहिती आहे असे समजावे.

यापुढचा प्रश्न अर्थाचा आहे. पाने दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच आली होती : लेन्झकडे २६ एक्के जास्त, कल्बर्टसनकडे ३४ राजे जास्त. ८,९८० गुणांची आघाडी ८७९ डावांत वाटली तर दर डावाला दहाच्या थोडी वर पडते. ज्या खेळात एका चुकलेल्या स्लॅमने (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीने) शेकडो गुणांचा फरक पडतो, तिथे एवढ्या आघाडीवरून एका पद्धतीचे दुसरीवरचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय हा सामना रबर ब्रिजचा होता. तीच पाने दोन्ही बाजूंना खेळायला मिळत नव्हती. १९३० चा बुलरविरुद्धचा लंडनमधील सामना २०० डावांचा आणि डुप्लिकेट पद्धतीचा होता. तिथे एकच डाव दोन टेबलांवर खेळला गेल्यामुळे ४,८४५ गुणांची आघाडी आकड्याने लहान असूनही पुरावा म्हणून वजनदार ठरते. पण गाजला तो लेन्झ सामना, कारण वार्ताहरांची गर्दी, रोजचे तारांचे ढीग आणि कल्बर्टसनचे मुद्दाम उशिरा येणे या सगळ्यांतून एक मालिका उभी राहिली होती. प्रचारक म्हणून त्याचे मोठेपण नेमके इथे दिसते, आणि लेख त्याच मुद्द्यावर लिहिला तर आकड्यांनाही न्याय मिळतो.

सामन्यातील डावांचा संग्रह १९३२ मध्ये पुस्तकरूपाने निघाला आहे. त्यातले पाच-सहा डाव निवडून स्वतः पाने मांडून खेळून पाहावेत. वाचताना न जाणवलेल्या शंका पाने टेबलावर आली की उभ्या राहतात.

सहावी पायरी : आत्मचरित्र सर्वांत शेवटी

‘द स्ट्रेंज लाइव्ह्ज ऑफ वन मॅन’ हे आत्मचरित्र १९४० मध्ये निघाले. बहुतेक जण तिथून सुरुवात करतात, आणि मी नेमके उलट सुचवतो. पुस्तक विलक्षण वाचनीय आहे : रशियातील क्रांतिकारकांशी संबंध, तुरुंग, मेक्सिको आणि स्पेनमधली धामधूम, पॅरिसमधले जुगारी दिवस. एकदा हे डोक्यात बसले की पुढचा प्रत्येक कागद त्याच चष्म्यातून दिसू लागतो. म्हणून चौकट, वर्तमानपत्रे आणि सामने हाताखालून गेल्यावरच ते उघडावे आणि प्रत्येक प्रकरणावर तीनपैकी एक खूण करावी : बाहेरचा पुरावा आहे, पुरावा शक्य आहे पण शोधायचा आहे, पुरावा मिळणे अशक्य.

दुसऱ्या खुणेच्या गोष्टींसाठी कागदपत्रे उपलब्ध आहेत. १९२५ पर्यंतचे अमेरिकन पासपोर्ट-अर्ज ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. अर्जदाराचे जन्मस्थान, वडिलांचे नाव, परदेशातील वास्तव्य आणि पुष्कळदा छायाचित्रही त्यांत असते. न्यूयॉर्क बंदरात उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या तशाच उपयोगी पडतात. अमेरिकेत जनगणनेची मूळ पाने ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे १९३०, १९४० आणि १९५० या तिन्ही वर्षांची पाने आता अभ्यासकाला मिळतात. पत्ता, घरातील माणसे, लिहून घेतलेला व्यवसाय या रूक्ष नोंदी आत्मचरित्राच्या रंगीत पानांशेजारी ठेवून वाचाव्यात.

रशिया आणि रुमानियातील तारखांबाबत एक सावधगिरी सांगतो. रशियाने नवे कॅलेंडर १९१८ मध्ये घेतले, रुमानियाने १९१९ मध्ये. त्याआधीची तिथली तारीख एकोणिसाव्या शतकात आपल्यापेक्षा १२ दिवस मागे आणि विसाव्या शतकात १३ दिवस मागे असे. त्यामुळे एखाद्या जुन्या कागदावर त्याचा जन्म १० जुलैला नोंदलेला आढळला तर ती २२ जुलैशी विसंगती नाही. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत.

जाहिरातीचा हात कुठवर पोहोचतो याचे दुसरे उदाहरण बेनेट खटल्याचे. २९ सप्टेंबर १९२९ रोजी कॅन्सस सिटीत ब्रिज खेळताना झालेल्या भांडणानंतर मर्टल बेनेटने पती जॉन याला गोळी घातली. १९३१ मध्ये ती निर्दोष सुटली. कल्बर्टसनने या प्रकरणाचा खेळाच्या प्रसिद्धीसाठी भरपूर वापर केला. ‘तो डाव’ म्हणून जी पाने वारंवार छापली जातात ती मात्र नंतर रचलेली असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे. ती उद्धृत करायची झाल्यास ‘छापली गेलेली पाने’ असेच म्हणावे, ‘खेळली गेलेली’ असे म्हणू नये.

सातवी पायरी : पत्त्यांनंतरचा लेखक

१९४० नंतर कल्बर्टसनने आपली शक्ती जागतिक शांततेच्या योजनेकडे वळवली. १९४३ चे ‘टोटल पीस’ आणि १९४६ चे रशियाविषयीचे पुस्तक ब्रिजचे चाहते वाचत नाहीत आणि राजकारणाचे अभ्यासक त्यांना पत्तेवाल्याची हौस समजून बाजूला ठेवतात. दोघांचेही नुकसान होते. जगाचे अकरा प्रादेशिक संघ करावेत आणि प्रत्येक राष्ट्राचा ठरावीक हिस्सा असलेले आंतरराष्ट्रीय पोलीसदल उभारावे, अशी ती योजना होती. त्या अकरा प्रदेशांत हिंदुस्थान हा स्वतंत्र प्रदेश धरला होता. १९४३ मध्ये, ब्रिटिश सत्ता असताना, तो नकाशा एका अमेरिकन लेखकाने कोणत्या गृहीतांवर आखला हा विषय मराठी अभ्यासकाने उचलण्याजोगा आहे. आणखी एक गंमत म्हणजे ब्रिजची पुस्तके आणि ही पुस्तके यांची मांडणी सारखीच आहे : आधी गोंधळाचे भयानक चित्र, मग एक पद्धत, मग तक्ते, आणि पद्धतीला लेखकाच्या नावाची मोहोर.

हक्क आणि उतारे

भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतात. कल्बर्टसन १९५५ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या एकट्याच्या लेखनावरील मुदत भारतात २०१५ अखेर संपली. जोसेफिनसह लिहिलेल्या मजकुराला एक वर्ष जास्त धरावे, कारण तिचा मृत्यू मार्च १९५६ मधला. अमेरिकेतला हिशेब प्रकाशनवर्षावर, ९५ वर्षांच्या मुदतीवर आणि जुन्या हक्कांचे नूतनीकरण झाले होते की नाही यावर चालतो. त्यामुळे एखादे पुस्तक ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर केवळ उसनवारीने वाचायला मिळते आणि दुसरे पूर्ण उतरवून घेता येते. लांब उतारा अनुवादून छापणार असाल तर प्रकाशन कोणत्या देशात आहे हे आधी ठरवावे.

पहिल्या लेखासाठी एखादा आटोपशीर विषय शोधणाऱ्याने डिसेंबर १९५५ मधील कल्बर्टसनचे आणि मार्च १९५६ मधील जोसेफिनचे मृत्युलेख काढावेत. दोघांत तीन महिन्यांचेही अंतर नाही. एकाच वर्तमानपत्रातले दोन्ही लेख शेजारी ठेवून ब्रिजला किती ओळी, शांततेच्या योजनेला किती, आत्मचरित्रातील साहसांना किती, आणि जोसेफिनच्या लेखात नवऱ्याचे नाव पहिल्यांदा कितव्या ओळीत येते, हे मोजावे.